परवाना आहे, पण रोप कुठलं?

ऑर्किडची रोपं विकणारे हल्ली गिऱ्हाइकाने न मागताच एक फोटो पाठवतात. त्यावर शिक्का असतो, सही असते, लांबलचक क्रमांक असतो आणि वर ठळक अक्षरांत 'सायटीस' लिहिलेलं असतं. तो पाहून काही जण निर्धास्त होतात. काही जण मात्र हसतात, "कागदी घोडे आहेत हो, तपासतंय कोण?" या हसणाऱ्यांचं बरंचसं खरं आहे. चूक होते ती पुढच्या वाक्यात, 'मग काहीही घ्यायला काय हरकत आहे?' राखणदार डुलक्या काढत असेल तर घेणाऱ्यालाच डोळे उघडे ठेवावे लागतात. अमरावती-अकोल्याकडच्या बागप्रेमींनी, वैद्यांनी आणि ज्यांच्या वावरातल्या आंब्यावर रानटी आमरी वाढते त्या शेतकऱ्यांनीही ते कसे ठेवावेत, ते इथे सांगतो.

आधी नियम काय आहे ते. धोक्यातल्या वन्य जीवांच्या आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा हा करार १९७३ साली वॉशिंग्टनमध्ये झाला, १९७५ पासून लागू झाला आणि भारत त्यात १९७६ साली सामील झाला. त्याच्या परिशिष्टांत सुमारे चाळीस हजार जाती आहेत. लोकांना वाटतं त्यात वाघ, हत्ती, गेंडेच भरले असतील. प्रत्यक्षात सत्तर टक्क्यांहून जास्त नोंदी एकट्या आमरी कुळाच्या, म्हणजे ऑर्किडच्या आहेत. या कुळातली प्रत्येक जात किमान दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे व्यापार चालतो, पण परवान्याने. 'लेडीज स्लिपर' म्हणून ओळखली जाणारी पॅफिओपेडिलमची सगळी प्रजाती आणि तिची दक्षिण अमेरिकन बहीण फ्रॅग्मिपेडियम पहिल्या परिशिष्टात आहेत. जंगलातून काढलेल्या या रोपांचा व्यापार बंद.

कराराची एक मर्यादा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तो सीमा ओलांडणाऱ्या मालालाच लागतो. मेघालयातून पार्सलने अकोल्याला आलेल्या रोपाशी सायटीसचा काही संबंध नाही. तिथे आपले देशी कायदे लागतात. त्यामुळे देशातल्या देशात विकणारा 'सायटीस परवाना आहे' म्हणतो तेव्हा त्याला एकच प्रश्न करायचा: हे रोप परदेशातून आलं का? नाही म्हणाला, तर तो कागद या रोपाचा नाही.

आता गळती कुठे होते ते पाहू. संशयवाद्यांची बाजू इथे खरोखर भक्कम आहे.

पहिली गळती ओळखण्यातली. फूल नसलेलं ऑर्किड म्हणजे चार पानं आणि काही मुळं. पुष्कळ जाती फुलावाचून तज्ज्ञालाही सांगता येत नाहीत, मग रात्रपाळीला बॅगा तपासणाऱ्या कस्टमच्या माणसाकडून काय अपेक्षा धरायची? वाघाचं कातडं कुणालाही कळतं. मेळघाटात २०१३ साली वाघांच्या शिकारीची प्रकरणं उघड झाली तेव्हा वनखात्याने ती चिकाटीने तडीस नेली, शिक्षाही झाल्या. त्याच जंगलातून कुणी पिशवीभर कंद नेले तर ते कंद आहेत की रताळी, हे ठरवण्यापासून सुरुवात करावी लागेल.

दुसरी गळती करारातच ठेवलेल्या सवलतींची. बिया, परागकण, निर्जंतुक बाटलीतली ऊतिसंवर्धित रोपं आणि लागवडीच्या रोपांची तोडलेली फुलं यांना दुसऱ्या परिशिष्टात परवाना लागत नाही. फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, सिंबिडियम आणि वँडा यांच्या कृत्रिम संकरांनाही काही अटींवर सूट आहे. सवलत शहाणपणाचीच आहे. लग्नाच्या स्टेजवर लागणारी जांभळी-पांढरी डेंड्रोबियमची फुलं बहुतेक थायलंडच्या शेतांतली असतात, त्यांच्यासाठी कुणी अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही. पण संकर आहे असं सांगून मूळ जात सरकवता येते, आणि संकर की मूळ जात हे ठरवायला पुन्हा तोच फुलाचा प्रश्न.

तिसरी गळती सगळ्यात मोठी. परवान्यावर 'उगमा'साठी एक अक्षर असतं. 'डब्ल्यू' म्हणजे जंगलातून काढलेलं, 'ए' म्हणजे कृत्रिमरीत्या वाढवलेलं. पहिल्या परिशिष्टातल्या जाती नोंदणीकृत रोपवाटिकेने व्यापारासाठी वाढवल्या असतील तर 'डी'. ते अक्षर निर्यात करणाऱ्या देशाचा अधिकारी लिहितो, रोपवाटिकेने दिलेल्या माहितीवर. त्याने ती रोपवाटिका पाहिलेली असेलच असं नाही. डोंगरातून उपटून दोन महिने जाळीखाली ठेवलेलं रोप 'ए' होऊन बाहेर पडतं आणि आयात करणारा देश त्या अक्षरावर विश्वास ठेवतो. थायलंडच्या सीमेवरच्या बाजारांची पाहणी करणाऱ्या संशोधकांना तिथे सुमारे साडेतीनशे जातींची ऑर्किड उघड विक्रीला आढळली. त्यातला पुष्कळसा माल शेजारच्या देशांतल्या जंगलांतला होता आणि अधिकृत नोंदींत त्याचा जवळजवळ मागमूस नव्हता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात समाजमाध्यमावरच्या ऑर्किड-गटांतल्या विक्रीच्या पोस्ट तपासल्या होत्या. त्यांतल्या २२ ते ४६ टक्के पोस्टमधली रोपं जंगलातून काढलेली असावीत असा त्यांचा अंदाज निघाला.

आणि पकडले गेले तरी? २००२ साली पेरूमध्ये रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून घेतलेलं एक थोराड गुलाबी-जांभळं फ्रॅग्मिपेडियम मायकेल कोवाच या अमेरिकन माणसाने परवान्याविना फ्लोरिडातल्या सेल्बी वनस्पती उद्यानात नेलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी घाईघाईने त्याला नाव दिलं, फ्रॅग्मिपेडियम कोवाची. खटला झाला. उद्यानाला पाच हजार डॉलर दंड, कोवाचला एक हजार डॉलर दंड आणि दोन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा. नाव तसंच राहिलं. वनस्पतिशास्त्राच्या नियमाने एकदा रीतसर प्रसिद्ध झालेलं नाव सहसा बदलत नाही, म्हणून नियम मोडणाऱ्याचं नाव त्या फुलाला कायमचं चिकटलं. याउलट त्याच सुमाराला टेक्सासमधल्या जॉर्ज नॉरिस या हौशी, वयस्कर विक्रेत्याला खोट्या कागदपत्रांवर ऑर्किड मागवल्याबद्दल सतरा महिन्यांची कैद झाली. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की नियम कोणावर किती जोराने पडेल याचा भरवसा का वाटत नाही, ते कळतं.

आपल्याकडचं चित्र काही वेगळं नाही. भारत १९७६ साली करारात गेला खरा, पण करार राबवण्यासाठीचं स्वतंत्र प्रकरण वन्यजीव संरक्षण कायद्यात आलं ते २०२२ च्या दुरुस्तीने, आणि ते लागू झालं १ एप्रिल २०२३ पासून. मधली सेहेचाळीस वर्षं काम चाललं ते सीमाशुल्क कायदा आणि परकीय व्यापाराच्या अधिसूचनांवर. जंगलातून काढलेली ऑर्किड भारताबाहेर पाठवायला बंदी आहे. लागवडीची पाठवायची तर लागवडीचं प्रमाणपत्र आणि सायटीस परवाना लागतो, आणि मालही मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशा ठरावीक ठिकाणांहूनच जातो. हे सगळं कागदावर चोख आहे. वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाच्या मुंबई कार्यालयाने पश्चिम भारतातली खवल्या मांजरं, कासवं, रक्तचंदन बघायचं की पार्सलमधली ऑर्किड, हा प्रश्न मात्र कागदावर सुटत नाही.

तर असं आहे. आता तुम्ही काय करायचं?

पहिली गोष्ट, वर्षांचा हिशेब करायला शिका. परवान्यापेक्षा तो जास्त खरं बोलतो. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नाही. निसर्गात विशिष्ट बुरशीच्या मदतीशिवाय ते रुजत नाही, प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर रुजवावं लागतं. तिथून फुलापर्यंत संकरित फॅलेनॉप्सिसला दोन-तीन वर्षं, पॅफिओपेडिलमला साधारण तीन ते सात, काही जातींना दहाच्याही वर. एखादी जात शास्त्राला दोन वर्षांपूर्वी माहीत झाली आणि आज तिचं फुलाला आलेलं रोप 'आमच्या नर्सरीत बियापासून वाढवलेलं' म्हणून विकलं जात असेल, तर त्या परवान्यावर कुठलंही अक्षर असो, रोप डोंगरातलंच आहे. पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्स ही जात १९९९ साली जगापुढे आली आणि काही वर्षांतच तिच्या मूळ डोंगरांवर ती दिसेनाशी झाली. संग्राहकांच्या जाळ्यांखाली मात्र होती. म्हणून 'नवीन सापडलेली', 'रेअर', 'मर्यादित' असे शब्द जाहिरातीत दिसले की खिशाकडे जाणारा हात थांबवा आणि जातीचं नाव शोधून तिच्या नोंदीचं वर्ष पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट, रोप नीट न्याहाळा. फोटो मागवायचा तर फुलाचा नको, मुळांचा मागवा. झाडाच्या सालीला चिकटून वाढलेल्या मुळांना एका बाजूने चपटेपणा येतो, ती खरवडून काढताना तुटतात, आणि पुष्कळदा सालीचे तुकडे त्यांना तसेच चिकटलेले राहतात. पानांवर शेवाळ, दगडफुलाचे डाग, किड्यांनी कुरतडलेल्या कडा, जुन्या उन्हाचे चट्टे. एकाच जातीची दहा रोपं शेजारी ठेवली तर प्रत्येकाचा आकार वेगळा, वय वेगळं. कुंडीत वाढलेल्या रोपाची मुळं कुंडीच्या आकारात गोल फिरलेली असतात, पानं एकसारखी, आणि एका खेपेची रोपं साधारण एकाच उंचीची.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण बरेच लोक उलट टोकाला जातात. रोप मातीविना, नुसत्या मुळांसकट आलं म्हणजे ते जंगली असंच नाही. परदेशातून येणाऱ्या मालाबरोबर माती आणायला बंदी असल्यामुळे कायदेशीर आयातीतही मुळं धुऊनच पाठवतात. बियापासून वाढवलेली मूळ जातीची रोपंही थोडी लहान-मोठी असतात. एका खुणेवर निकाल देऊ नका. सालीचा तुकडा, जुने चट्टे आणि किलोने किंवा जुडीने सांगितलेला भाव ही तिन्ही एकत्र आली तर मात्र आणखी विचारपूस करण्याची गरज उरत नाही.

तिसरी, विक्रेत्याला विचारायचे प्रश्न. संकर असेल तर संकराचं नाव काय? प्रयोगशाळा कोणती? रोप बाटलीतून कधी काढलं? बिलावर हे नाव लिहून द्याल का? खरा उत्पादक या प्रश्नांवर खुलतो, नको तेवढी माहिती देतो. ज्याने माल कुणाकडून तरी जुडीने उचलला आहे तो 'ऑर्किड म्हणजे ऑर्किड' म्हणून विषय संपवतो. अमरावती-अकोल्याच्या रोपवाटिकांत पुण्या-बंगळुरूकडून येणारी डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस बहुतेक ऊतिसंवर्धित संकरच असतात. तिथे घाबरायचं काही नाही. त्या रोपांवर वाटेल तेवढी हौस करा.

घाबरायचं ते ईशान्येकडून पार्सलने येणाऱ्या स्वस्त 'ओरिजिनल' रोपांना. भारतात ऑर्किडच्या १,२५६ जाती आहेत अशी मोजणी भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली मांडली. त्यांतल्या ३८८ आपल्याखेरीज कुठेच नाहीत. या संपत्तीचा मोठा वाटा ईशान्येच्या डोंगरांत आहे आणि उपसाही तिथूनच होतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली वनस्पतींसाठी वेगळं प्रकरण घातलं, तेव्हा संरक्षित म्हणून सहा नोंदी केल्या. त्यातल्या तीन ऑर्किडच्या: निळा वँडा, तांबडा वँडा आणि लेडीज स्लिपर. या वनस्पती जंगलातून उपटणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. लागवड आणि विक्री करायची तर परवाना लागतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे मोबाइलवर तीनशे रुपयांत दिसणारं भारतीय पॅफिओपेडिलम घेणारा माणूस विकणाऱ्याबरोबर स्वतःही त्या कलमात जातो. पकडला जाईल का? बहुधा नाही. पण ते रोप आपल्याकडच्या मे महिन्यात जगेल का, याचंही उत्तर बहुधा तेच आहे. दक्षिण भारतातली एकुलती एक लेडीज स्लिपर, अगस्त्यमलईच्या डोंगरांतली पॅफिओपेडिलम ड्रुरी, अशाच संग्राहकांच्या प्रेमापोटी संपत आली.

निळ्या वँडाची गोष्ट वेगळी आहे आणि संशयवाद्यांनीही ती ऐकावी. तो पूर्वी सायटीसच्या पहिल्या परिशिष्टात होता. बँकॉकच्या २००४ च्या परिषदेत त्याला दुसऱ्यात आणलं, कारण लागवडीचे निळे वँडा आणि त्यांचे संकर बाजारात इतके झाले की जंगली रोपाला कुणी विचारेना. पहाऱ्याने जे झालं नव्हतं ते प्रयोगशाळेतल्या बाटल्यांनी बरंचसं केलं. थायलंडमध्ये वाढलेला निळा संकर तुम्ही कायदेशीर मार्गाने घेऊ शकता. खासीच्या टेकड्यांतून काढलेलं मूळ रोप घेऊ शकत नाही, देशातला कायदा त्याला आजही जपतो.

बँकॉक म्हटलं की सहलीचा विषय निघतोच. आपल्याकडून आता टूरच्या बसगाड्यांसारखी थायलंडला विमानं भरून जातात. तिथल्या बाजारात रोप हातात पडलं की विक्रेता सांगतो, 'कागद देतो, बॅगेत टाका.' तो देतो ते थायलंडचे कागद, रोगमुक्तीचं प्रमाणपत्र आणि सायटीस परवाना. भारतात जिवंत रोप आणायचं तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार भारताचा आयात परवाना आधीच काढलेला असावा लागतो आणि उतरल्यावर तपासणी करून घ्यावी लागते. हिरव्या मार्गिकेतून निघून आला म्हणजे ते रोप वैध झालं असं होत नाही. ही कटकट केवळ दप्तरी नाही. मूठभर मुळांबरोबर विषाणू, खवले कीड, बुरशी येते आणि तुमच्या आधीच्या पन्नास कुंड्यांना लागते. तेव्हा सहलीत रोपाचे फोटो काढा, नाव टिपून घ्या आणि परत आल्यावर रीतसर आयात करणाऱ्या भारतीय रोपवाटिकेकडे तेच मागा. दोन पैसे जास्त जातील. त्या आयातदाराकडे परवान्याची प्रत मागायला लाजू नका. प्रतीवर जातीचं किंवा संकराचं पूर्ण नाव, संख्या, उगमाचं अक्षर आणि कस्टमचा शेरा आहे का ते बघा. निर्यात परवाना सहा महिन्यांपुरताच चालतो, तेव्हा तारीख जुळते का तेही पाहा. तीन वर्षांपूर्वीचा एकच कागद दर खेपेला दाखवणारे आहेत.

कुंड्यांचा विषय इथे ठेवतो, कारण वऱ्हाडातला खरा आंतरराष्ट्रीय ऑर्किड-व्यापार कुंडीत नसून किराण्याच्या पुडीत आहे.

अकोल्यातल्या किंवा अमरावतीतल्या कुठल्याही जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात जा आणि सालमपंजा मागा. हाताच्या पंजासारखी दोन-चार बोटं फुटलेली, सुकून खडखडीत झालेली मुळी पुढ्यात येते. हिवाळ्यात लाडवात घालायला, बाळंतिणीला, अशक्तपणावर, 'ताकदी'साठी लोक ती नेतात. ही मुळी हिमालयात अडीच हजार मीटरच्या वर उगवणाऱ्या डॅक्टिलोऱ्हायझा हटागिरिया या ऑर्किडची. मुळी काढली की झाड संपलं, कारण तीच त्याची पुढच्या वर्षाची शिदोरी. नेपाळात याच वनस्पतीला पाँचऔंले म्हणतात आणि तिच्या संकलनावर, विक्रीवर, निर्यातीवर तिथे बंदी आहे. सालममिश्री म्हणून मिळणारे गोलसर कंद युलोफिया आणि तत्सम जमिनीवरच्या ऑर्किडचे असतात. तुर्कस्तानात याच वर्गातल्या कंदांच्या भुकटीला सालेप म्हणतात. आइस्क्रीम चिवट व्हावं म्हणून ती घालतात, आणि एका किलो भुकटीला हजाराहून जास्त कंद लागतात. तिथेही निर्यातीला बंदी, आणि आतला बाजार जोरात.

हे सगळे कंद सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टातले. नेपाळची सीमा परवान्याविना ओलांडलेली मुळी दिल्लीच्या खारी बावलीत पोचली की तिच्यावरचं सगळं मूळ-कूळ पुसलं जातं. तिथून अकोल्यापर्यंत ती निव्वळ किराणा. कुठल्या तपासनीसाने कुठल्या पोत्यात हात घालायचा? गल्लीतल्या दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्यापर्यंत येईतो माल चार हातांतून गेलेला असतो.

ग्राहकाला मात्र करण्यासारखं पुष्कळ आहे. आधी हे जाणून घ्या की सालमच्या नावाखाली मिळतं ते दरवेळी सालम असतंच असं नाही. लसणाच्या कुळातल्या गाठीही सालम म्हणून विकल्या जातात, त्या ऑर्किड नव्हेतच. भेसळही भरपूर. म्हणजे महागडी मुळी घेऊन तुम्ही एक तर दुर्मीळ झाड संपवायला मदत करता, नाही तर फसता. तिसरी शक्यता क्वचितच. लाडवांसाठी डिंक, अळीव, खारीक-खोबरं आपल्या आज्यांना पुरेसं होतं. कंदच हवा असेल तर सफेद मुसळी घ्या, ती लागवडीची मिळते आणि आपल्याच भागात तिची शेती झालेली आहे. अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा पट्ट्यात पानपिंपळीसारखं नाजूक औषधी पीक पिढ्यान् पिढ्या जपलेले शेतकरी आहेत. औषधी वनस्पती जंगलातून ओरबाडण्याऐवजी वावरात पिकवता येते, हे वऱ्हाडाला कुणी नव्याने शिकवायला नको. सालमपंजा मात्र इथे होणार नाही, त्याला हिमाची थंडी लागते. 'अकोल्यात लागवडीचा सालमपंजा' असं कुणी सांगितलं तर नमस्कार करून पुढे चला.

वैद्यांसाठी दोन शब्द. अष्टवर्गातल्या आठांपैकी चार द्रव्यं, जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी, हिमालयातल्या ऑर्किडचीच मानली जातात आणि च्यवनप्राशाच्या पाठात ती येतात. भावप्रकाशाने चारशेहून अधिक वर्षांपूर्वीच त्यांना प्रतिनिधी द्रव्यं सांगून ठेवली आहेत: जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद. 'अस्सल अष्टवर्गयुक्त' असं ठळक छापलेल्या डब्यापेक्षा प्रतिनिधी द्रव्य प्रामाणिकपणे लिहिलेला डबा मला जास्त विश्वासाचा वाटतो. रुग्णाने विचारलं तर तुम्हीही हे सांगू शकता. तुमच्या शब्दाला कस्टमच्या शिक्क्यापेक्षा जास्त वजन आहे.

आता वावरातली आमरी. आपल्याकडे आंबा, मोह, बाभळीच्या फांद्यांवर वँडा टेसेलाटा दिसते. जाड, वाकलेली पानं, लोंबती पांढुरकी मुळं, आणि उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत तपकिरी-हिरव्या चौकटीची, जांभळट-निळ्या ओठाची सुवासिक फुलं. काही प्रांतांत तिचीच मुळं रास्ना म्हणून विकतात. पुष्कळ शेतकरी तिला बांडगूळ समजून खरवडून काढतात. बांडगूळ झाडाचा रस पितं, ही नाही. ती सालीला नुसती धरून असते, हवेतला ओलावा आणि सालीवरचा केरकचरा यांवर जगते. आंब्याचं उत्पन्न तिच्यामुळे कमी होत नाही, राहू द्या.

तुमच्या मालकीच्या झाडावर ती असणं हा गुन्हा नाही. संरक्षित वनस्पतींच्या त्या जुन्या सहा नोंदींत ती नव्हती. झाड पडलं, किंवा रीतसर परवानगीने तोडावं लागलं, तर फांदीच्या तुकड्यासकट ती काढा आणि दुसऱ्या खरबरीत सालीच्या झाडाला सुतळीने बांधा. हे पावसाळ्याच्या तोंडावर केलं तर मुळं लवकर धरतात. पण कुणी गावात येऊन 'जंगली ऑर्किड विकत घेतो, एक्सपोर्टला जातं' म्हणाला, तर लक्षात ठेवा की तो जे सांगतो त्याला कायदेशीर वाटच नाही. झाडावरून काढलेली ऑर्किड या देशातून निर्यात होऊच शकत नाही, आणि लागवडीची निर्यात करणारा तुमच्या आंब्यावर कशाला चढेल? वँडा टेसेलाटा संकर करणाऱ्यांच्या आवडीची आहे, तेव्हा मागणी खोटी नाही. कागद खोटे असतील.

जंगलातली गोष्ट आणखी स्पष्ट. मेळघाट, नरनाळा, काटेपूर्णा, अभयारण्य कुठलंही असो, तिथून पडलेली फांदीसुद्धा आणायची नाही. चिखलदऱ्याला पावसाळ्यात जाता तेव्हा गवतात हबेनारियाची पांढरी फुलं, युलोफियाचे तुरे दिसतील. त्यांचा फोटो काढताना जागा समाजमाध्यमावर टाकू नका, मोबाइलमधलं स्थानदर्शक बंद करा. संग्राहक हल्ली पायवाटांपेक्षा फोटोंवरून जास्त शोधतात. या एका सवयीने जेवढं राखता येतं तेवढं चार फलकांनी येत नाही.

थोडं रोप जगवण्याबद्दल, कारण मेलेल्या प्रत्येक रोपामागे नवी खरेदी असते. आपल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं. ऑर्किडच्या मुळांना ते सोसत नाही, पानांची टोकं जळू लागतात. गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत साठवा आणि उन्हाळ्यात तेच पुरवून वापरा. घरच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारं 'वाया' पाणी रोपांना घालण्याचा सल्ला हमखास दिला जातो, ऑर्किडला तो घातक आहे, त्या पाण्यात क्षार आणखी दाटलेले असतात. पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा फॅलेनॉप्सिस कूलरच्या खोलीत आणा. नवशिक्याने सुरुवात डेंड्रोबियमच्या संकरांनी करावी, वर हिरवी जाळी बांधली की ती वऱ्हाडाचं ऊन बरंच सोसतात.

शेवटी तक्रार. संशयास्पद विक्री दिसली तर करावी का? करावी, पण अशी की ती बाजूला टाकणं अवघड जाईल. 'ऑर्किड विकतात हो' एवढ्यावर कुणी हलत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, दुवा, तारीख, भाव, विक्रेत्याने लिहिलेलं शास्त्रीय नाव आणि ते नाव कायद्याच्या कोणत्या अनुसूचीत येतं, हे सगळं एका पानात मांडा. मूळ जातीचा संशय असेल तर मुळांच्या फोटोवर खूण करून जोडा. ओळख पटवायला जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांची मदत घ्या, तपासनीसाची निम्मी अडचण तिथेच सुटते. हे पान वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाकडे आणि उपवनसंरक्षकांकडे ईमेलने पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. जंगलातून रोपं निघताना प्रत्यक्ष दिसली तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा. तीच जाहिरात त्या संकेतस्थळाच्या तक्रार विभागातही नोंदवा. सरकारी उत्तराची वाट पाहताना कित्येक महिने जातील, कदाचित उत्तर येणारही नाही. जाहिरात मात्र आठवड्याभरात उतरू शकते, विशेषतः चार-पाच जणांनी वेगवेगळी तक्रार केली तर. विक्रेता दुसऱ्या नावाने परत येईल, तेव्हा आधीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, दुसऱ्या तक्रारीला तो जोडता येतो.